दर्यामें खसखस

तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले खायचे शिंपले, भिजत घातल्या की रात्री आवाज करतात, हे आजकाल कोणाला सांगितलं तर पटत नाही, कारण आता सगळं ॲपवरून साफ होऊन बर्फाच्या डब्यात दारात येतं. पण करतात. मुलुंड ईस्टला आमच्या दोन खोल्यांच्या घरात ओट्याखाली ॲल्युमिनियमचं पातेलं असायचं, त्यात मिठाचं पाणी आणि तिसऱ्या, आणि लाइट घालवून सगळे आडवे झाले की थोड्या वेळाने कट्, कट्, आणि मधेच कोणीतरी चूळ टाकावी तसं फुस्स. मी आणि माझा भाऊ चादरीत तोंड खुपसून हसायचो. सकाळी पातेल्याभोवतीची फरशी ओली आणि तळाला काळपट रेती बसलेली. आई ते पाणी ओतून नवीन घालायची, परत मीठ, परत तासदोन तास, असं तीन पाण्यांतून. आम्ही घाई केली की म्हणायची, ओकू देत गं त्यांना, सगळं ओकू देत, नाहीतर दाताखाली कचकच येते.

तिची परीक्षा कडक होती. तोंड उघडं असलेली तिसरी घ्यायची, ओट्यावर टकटक आपटायची, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर कचऱ्यात. एखादी घट्ट मिटलेली पण हाताला नको तेवढी जड लागली तर तीही बाजूला, कारण आत नुसता चिखल असतो आणि अशी एक जरी कालवणात उघडली तर अख्खं पातेलं फुकट. मग वास. मग विळीवर धरून मधोमध फोडायची, मांस सगळं एका शिंपलीत गोळा करायचं आणि दुसरी फेकायची. एकशिपी ती हीच. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण या कामात तिचा हात धरणारं आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी नव्हतं. तिच्या हातच्या तिसऱ्या खाऊन कोणाचं पोट बिघडल्याचं मला तरी आठवत नाही.

तिसऱ्या आणायचे बाबा. ते ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका केमिकल कंपनीत होते. कंपनीचं नाव घेत नाही, तशीही ती आता राहिली नाही, त्या जागी काचेची बिल्डिंग आहे आणि गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं खाली चहा पीत उभी असतात. कंपनीची बस कळवा, ठाणे करत चेकनाक्याला सोडायची. सुट्टीच्या आदल्या दिवशी, ओहोटीची वेळ जुळली असेल तर, गेटपासून थोडं पुढे रस्त्याकडेला खाडीकाठच्या गावांतल्या आगरी-कोळी बाया पाट्या मांडून बसलेल्या असायच्या, साडी गुडघ्यावर खोचलेली, पोटऱ्यांवरचा चिखल वाळून करडा झालेला. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा ओहोटीही लांबवर जाते, खाडीचा तळ उघडा पडतो, आणि बाया चिखलात बोटं खुपसून तिसऱ्या वेचतात. भांगाच्या दिवसांत पाणी तेवढं हटत नाही, मग पाट्याही कमी. बाबांना यामुळे पंचांग न बघता तिथी कळायची. नायलॉनच्या जाळीच्या पिशवीतून घेऊन यायचे, बसमध्ये पाणी ठिबकायचं, बाजूचा शिव्या घालायचा.

आणि बाबा निळे असायचे.

म्हणजे खरोखरच निळे. कंपनीत निळा रंग बनायचा, त्यांच्या भाषेत सीपीसी ब्लू. छपाईची शाई, प्लास्टिकची बादली, भिंतीचा ऑइलपेंट, यातला जो अगदी ओळखीचा निळा आहे ना, तो बहुतेक वेळा हाच. थॅलिक अनहायड्राइड, युरिया आणि तांब्याचं क्लोराइड एकत्र तापवायचं, त्याच्या रेणूच्या बरोब्बर मधे तांब्याचा एक अणू बसलेला असतो. ही पावडर इतकी बारीक की साबणाला दाद देत नाही. बाबांच्या आंघोळीचं पाणी निळं, उशीचा अभ्रा निळा, सर्दी झाली की रुमाल निळा, कानात कापूस घातला तर कापूस निळा. आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची, तरी माझ्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजला बगलेत कायम एक फिकी निळसर झाक होती आणि बाई म्हणायच्या, नीळ जास्त झाली, आईला सांग.

कच्चा सीपीसी निघाला की तो पातळ ॲसिडने धुतात. त्यातून जे पाणी निघतं त्यात उरलेलं तांबं असतं, अमोनिया असतो. ते शुद्ध करूनच सोडायचं हा कायदा १९७४ पासून आहे. आमच्या बाबांच्या कंपनीतही म्हणे एक टाकी होती, इन्स्पेक्टर यायच्या दिवशी तिचा पंप चालू असायचा. बाकीचे दिवस रात्रपाळीला व्हॉल्व्ह उघडायचा. मागच्या नाल्याने ते पाणी खाडीत. बाबा हे लपवून नाही सांगायचे, जेवताना सांगायचे, हसत. त्या नाल्याच्या रंगावरून बाजूच्या कंपन्यांत आज कुठली बॅच चालू आहे ते म्हणे पोरगंही सांगेल, लाल आहे, पिवळा आहे, आज आमचा आहे.

मी नववीत असेन. समोर ताटात तिसऱ्यांचं सुकं. मी विचारलं, मग ते पाणी खाडीत जातं तर या तिसऱ्या पण खाडीतल्याच ना? बाबांनी शिंपली चोखून ताटाच्या कडेला लावली (आमच्याकडे शिंपल्या ताटाच्या कडेने ओळीत लावायच्या आणि शेवटी मोजायच्या, ज्याच्या जास्त तो जिंकला) आणि म्हणाले, अगं एवढ्या मोठ्या पाण्यात आमचं काय, दर्यामें खसखस.

मला ते पटलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. पटण्यासारखंच आहे ते. आणि नंतर आयुष्यभर ही म्हण मला सोडून गेली नाही, एखादं गाणं नको तेव्हा तोंडात येतं तशी.

पुढे मी केमिस्ट्री घेतलं आणि ज्युनिअर कॉलेजला शिकवायला लागले, पंचवीस वर्षं झाली. तेव्हा म्हणीची झडती घेणं भागच होतं. एक तर ठाण्याची खाडी म्हणजे दर्या नव्हे. सव्वीसेक किलोमीटरची चिंचोळी गल्ली आहे ती, दक्षिणेला मुंबईच्या बंदराकडे रुंद होते आणि वर ठाण्याकडे इतकी अरुंद की उल्हास नदीशी नावापुरतं नातं. ओहोटीला पाणी खाली जातं आणि भरतीला त्यातलंच बरंचसं परत वर येतं. बादलीत पोछा पिळून तीच बादली परत वापरायची, तसं. आणि जे जात नाही ते तळाच्या चिखलात बसतं. धातूंना चिखल फार आवडतो, विशेषतः ज्या चिखलात ऑक्सिजन नाही आणि सडक्या अंड्याचा वास येतो त्यात ते गंधकाशी जोडी जमवून वर्षानुवर्षं पडून राहतात. कोणी तळ खणला, ड्रेजिंग केलं, की परत पाण्यात. म्हणजे बाबा रिटायर झाले, कंपनी गेली, पण रात्रपाळीला सोडलेलं सगळंच गेलं असं नाही.

पण खरी गंमत तिसरीची आहे. गंमत कसली. तिसरी चिखलात उभी रुतून बसते आणि दोन छोट्या नळ्या वर काढते, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. दिवसभर हेच. आत गेलेल्या पाण्यातून कल्ले बारीक शेवाळ गाळून घेतात, चिकट लाळेत गुंडाळून तोंडाकडे ढकलतात. तिच्या पोटापाण्याचा धंदाच मुळी पाण्यातली खसखस वेचण्याचा आहे. आपण म्हणतो दर्यात खसखस सापडायची नाही, आणि ही बया जन्मभर तेवढंच करते. त्या शेवाळाला, गाळाच्या कणांना चिकटून कॅडमियम येतं, शिसं येतं, तांबं येतं. मग तिच्या शरीरात काही प्रथिनं असतात, मेटॅलोथायोनिन नावाची, ती हे धातू घट्ट धरून ठेवतात म्हणून तिला स्वतःला फारसा त्रास होत नाही. ती मस्त जिवंत असते. ओट्यावर आपटली की झटकन मिटते.

म्हणजे आईची परीक्षा ती पास होते. वास नाही, चव बदलत नाही, रंग बहुतेक वेळा बदलत नाही. तीन पाण्यांत ती रेती ओकते कारण रेती मांसाच्या बाहेर, पोकळीत असते. जंतूसुद्धा बरेचसे ओकते, युरोपात तर शिंपले विकायच्या आधी दोनएक दिवस स्वच्छ केलेल्या समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांत ठेवतात ते त्यासाठीच, आणि कुठल्या पाण्यातले थेट विकायचे, कुठले टाकीत ठेवून, याचे वर्ग ठरलेले असतात. पण मांसात जाऊन बसलेलं कॅडमियम दोन दिवसांत निघत नाही, कित्येक आठवडे, महिने लागतात. उकळून तर अजिबातच जात नाही, जंतू मरतात, धातू कशाने मरणार. कोकम, आलं, लसूण, काहीही घाला. कितीतरी पिढ्यांच्या बायकांनी मिळून जे शहाणपण तयार केलं ते सडण्याविरुद्ध होतं. त्यांच्या वेळी धोका म्हणजे सडणं, आणि सडण्याला वास असतो. मला आईचं वाईट याचं वाटतं, तिने जीव तोडून सगळं बघितलं आणि जे बघायला हवं होतं ते बघायची सोय तिच्या नाकात, हातात कुठेच नव्हती.

रंग बहुतेक वेळा बदलत नाही म्हटलं, पण कधीकधी बदलतो. १९८६ साली तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर कालवं (ऑयस्टर) हिरवी निघाली. चक्क हिरवी. वरच्या अंगाला नदीकाठी भंगार धातू जाळून, ॲसिडमध्ये घालून तांबं काढायचे उद्योग होते, ते सगळं नदीतून किनाऱ्यावर. कालव तांबं आणि जस्त साठवण्यात तिसरीच्याही वरचढ, त्याच्यात तांबं एवढं साठलं की मांस हिरवं पडलं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा १९८६ या आकड्यावर थांबले, कारण साधारण त्याच वर्षी मी ताटात शिंपल्या मोजत होते आणि समोर निळा माणूस बसला होता. तैवानच्या लोकांना निदान दिसलं तरी.

कालवांनी दुसऱ्या एका रंगाचीही चुगली केलेली आहे. बोटींच्या बुडाला शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग लावायचे त्यात कथिलाचं एक संयुग असायचं, टीबीटी. फ्रान्समध्ये आर्काशाँ नावाच्या खाडीत सत्तरच्या दशकाच्या शेवटी कालवांची पिल्लंच धरेनात, आणि जी होती त्यांच्या शिंपल्या वेड्यावाकड्या जाड झाल्या, आत जागाच नाही. १९८२ मध्ये त्यांनी लहान बोटींवर तो रंग बंद केला आणि कालवं परत धरली. जगभरच्या जहाजांवर बंदी लागू व्हायला मात्र २००८ उजाडलं. थोडक्यात काय, बंद केलं की फरक पडतो. आपल्याकडेही २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं आणि आभाळ कोसळलं नाही.

एडवर्ड गोल्डबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने १९७५ मध्येच सुचवलं होतं की जगभरच्या किनाऱ्यांवर पाणी तपासत बसण्यापेक्षा शिंपले तपासा, कारण बाटलीत भरलेलं पाणी त्या क्षणाचं असतं आणि शिंपला कित्येक महिन्यांचा हिशेब ठेवून बसलेला असतो. अमेरिकेने १९८६ पासून (परत तेच वर्ष!) दरवर्षी ठरलेल्या जागांवरून शिंपले उचलून तपासायला सुरुवात केली. मला ही आयडिया भयंकर आवडते. शिंपल्याला इन्स्पेक्टर नेमलं. त्याला आधी फोन करून कळवता येत नाही आणि चहाला बसवता येत नाही.

आता सगळं आलं म्हणून मिनामाताही सांगते, टाळावंसं वाटतं पण टळत नाही. जपानमधलं किनाऱ्यावरचं गाव, चिसो नावाची मोठी केमिकल कंपनी, खाडीत पारा. खाडीतले मासे आणि शिंपले खाऊन आधी मांजरं गरगरा फिरून समुद्रात पडू लागली, मग माणसं. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कंपनीच्याच डॉक्टरने कारखान्याचं सांडपाणी मांजराच्या खाण्यात घालून बघितलं, मांजराला तोच रोग झाला, कंपनीने त्याला गप्प बसवलं आणि पाणी १९६८ पर्यंत जात राहिलं. एवढं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मला त्यातलं अडकून राहिलेलं वेगळंच आहे. कारखान्यात काम करणारे त्याच गावचे होते. एका घरी पगार, शेजारच्या घरी रोग. आणि ऑगस्ट १९६८ मध्ये तिथल्या एका कामगार संघटनेने ठराव केला की आजारी पडलेल्या लोकांसाठी आपण आजवर काहीही लढलो नाही याची आपल्याला लाज वाटते. त्याला तिकडे लाजेची घोषणा असंच म्हणतात.

हे मी बाबांना सांगितलं, चारपाच वर्षांपूर्वी. ते पेपर वाचत होते. म्हणाले, त्यांची युनियन चांगली होती. मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाले, आमच्याकडे बोनसवरच तीन वेळा फुटली. आणि पान उलटलं. मला राग आला होता. नंतर वाटलं की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता कोण सांगतं, सुपरवायझर सांगतो, सुपरवायझरला कोण सांगतं ते खाली कोणाला कळत नाही, आणि घरी दोन पोरं. ठाणे-बेलापूर पट्टा साठच्या दशकात उभा राहिला तेव्हा तिथली शेतं, खाजणं गेली, गावातली पोरं त्याच कंपन्यांत हेल्पर लागली आणि त्यांच्या आया बाहेर रस्त्याकडेला तिसऱ्या घेऊन बसल्या. बाबांना तिसऱ्या विकणाऱ्या बाईचा मुलगा त्यांच्याच खात्यात होता. हे त्यांनी मला अगदी अलीकडे सांगितलं, काही विशेष नसल्यासारखं.

मुंबईने मासे सोडलेले मी एकदाच बघितलेत. ७ ऑगस्ट २०१० ला बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं आदळली, सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं, कंटेनर पडले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं. टीव्हीवर काळं पाणी दिसलं आणि बाजार एका दिवसात ओस. लोक म्हणाले नाहीतरी श्रावण लागतोयच. बरोबर होतं ते, तेव्हा सांभाळूनच राहायला हवं होतं, पण माझ्या मनात सारखं येत होतं की तेल दिसतं, तेलाला वास येतो, म्हणून तेल आईच्या परीक्षेत नापास होतं. गणपती गेले, आणि लोक परत मार्केटात. कॅडमियम कधी टीव्हीवर दिसलं नाही.

इथे थोडं थांबून सरळ बोलते, नाहीतर वाचणारा मासेच सोडायचा. सगळं सारखं नसतं. पाऱ्याची भीती तिसरीपेक्षा मुशी, मोठी सुरमई असल्या शिकारी माशांत जास्त, कारण तो एकातून दुसऱ्यात वाढत वर चढतो आणि तिसरी बिचारी अगदी खालच्या पायरीवर. समुद्री खाण्यात आर्सेनिक सापडलं म्हणून बातमी येते, पण ते बरचसं अशा रूपात असतं की शरीराला फारसं बाधत नाही. चिंबोरीचं निळं रक्त तर तांब्याचंच, तो तिचा स्वभाव आहे, प्रदूषण नाही. पण त्याच चिंबोरीच्या पाठीखालचा तो पिवळा-तपकिरी ऐवज, ज्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो, तिथे कॅडमियम साठतं. पायातल्या पांढऱ्या मांसात कमी. कॅडमियमची भानगड ही की ते मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि दहावीस वर्षं हलत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये मर्यादा घातली, वजनाच्या दर किलोमागे आठवड्याला २.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे माझ्यासारख्या साठ किलोच्या बाईला आठवड्याला १५०. शिंपल्यांच्या मांसात किलोला १ मिलिग्रॅम ही युरोपची वरची हद्द (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सची २ आहे), तर बरोब्बर हद्दीवरच्या तिसऱ्यांचं दीडशे ग्रॅम मांस खाल्लं की आठवड्याचा कोटा संपला, आणि अजून भात, भाज्या यांतलं धरलंच नाही, त्यांतही थोडं असतंच. सिगारेट ओढणाऱ्याला तर धुरातून वेगळा खुराक. कधीमधी खाणाऱ्याला घाबरण्यासारखं यात नाही. जो रोज खातो त्याचा हिशेब वेगळा. आणि रोज कोण खातं? जो पकडतो तो.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर. आई जाऊन सहा वर्षं झाली, ते माझ्याकडे असतात. क्रिएटिनिन थोडं वर आहे, म्हणजे मूत्रपिंडं जरा दमलीत. डॉक्टर म्हणाले बीपी, शुगर, वय. मी मान डोलावली. सिगारेट त्यांनी साठीला सोडली होती. माझ्या डोक्यात जे काय चाललं होतं ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं आणि सिद्ध करण्यासारखं तर अजिबातच नव्हतं.

मार्गशीर्ष संपला आणि त्यांनी लावून धरलं, तिसऱ्या आण. प्रोटीन मोजून खायचंय तर चार आणीन म्हटलं. मार्केटला मावशींकडे गेले, वाटे लावून बसल्या होत्या, मोठा वाटा, लहान वाटा, वर मधूनमधून पाणी शिंपडत.

"मावशी, कुठच्या आहेत?"

"उरनच्या."

"गेल्या वेळी अलिबागच्या म्हणाला होतात."

"तवा अलिबागच्या व्हत्या."

मी काही हलेना म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, भांडायला उठणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं नाही, जरा दमल्यासारखं. "बाय, आमी पन हेच खातो. आमची पोरं पन हेच खातान."

मी लहान वाटा घेतला. काय करणार होते? ठाण्याच्या खाडीतल्या असं मुंबईत कुठलीच मावशी सांगत नाही, आणि का सांगावं? सांगितलं तर धंदा तिचा जाईल, पाणी सोडणाऱ्याचं एक रुपयाने नुकसान होणार नाही. फ्लेमिंगोंमुळे त्या खाडीचं तरी भाग्य उजळलं, २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं, लोक होडीतून फोटो काढायला जातात. त्याच चिखलात गुडघाभर उतरलेल्या बाईचा फोटो कोणी काढत नाही म्हणायला जावं तर तोही काढतात, पाठमोरी, सूर्यास्त वगैरे. तिच्या पाटीतल्या तिसऱ्यांत काय आहे ते तिला एका कागदावर लिहून द्यावं असं काही सुचत नाही.

रात्री पातेल्यात घातल्या. कट्, कट् आवाज आला. बाबांना आता कमी ऐकू येतं, तरी हॉलमधून म्हणाले, बोलायला लागल्या का?

त्यातल्या पाच मी उचलल्या. हा वेडेपणा होता हे मला तेव्हाही माहीत होतं, एवढे बारीक धातू मोजणाऱ्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच्या मशिनचं काम टेस्टट्यूबने होत नाही. तरी कॉलेजच्या लॅबमध्ये, पोरं गेल्यावर, मांस सुकवलं, क्रूसिबलमध्ये जाळून राख केली, अख्खा मजला शेकोटीत सुकट टाकल्यासारखा घमघमला आणि शिपाई दोनदा डोकावून गेला. राखेवर नायट्रिक ॲसिड, गाळलं, मग थेंब थेंब अमोनिया. अकरावीच्या पोरांना ही टेस्ट मी दरवर्षी दाखवते. तांबं असेल तर गडद निळा येतो, इतका सुंदर की मागच्या बाकावरचेही उठून पुढे येतात. मी ट्यूब खिडकीकडे धरली. तपकिरी गाळ बसला, लोखंडाचा, तिसऱ्यांत लोह भरपूर असतं. वरचं पाणी पांढरं स्वच्छ. एवढ्याशा मांसात लाखात एखादा भाग तांबं असलं तरी ते डोळ्याला दिसायचं नाही, आणि कॅडमियमला तर या टेस्टमध्ये रंगच नाही. ट्यूब धुऊन ठेवली.

रविवारी बाबांचं ताट वाढलं. मोजून बारा. आईसारखं नाही झालं, वाटण जरा जास्त भाजलं गेलं. त्यांना मी लॅबचं सांगितलं होतं. पहिली शिंपली चोखून त्यांनी कडेला लावली.

"आला का निळा?"

"नाही आला."

"मग?"

"नाही आला म्हणजे नाहीये असं नसतं बाबा. त्या टेस्टला कळत नाही एवढ्या कमीतलं."

ते थोडा वेळ खात राहिले. आठवी, नववी. हात थांबला. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी एक बारीक रेघ आहे, एका जुन्या जखमेत तेव्हा रंग शिरला तो कायमचा, गोंदल्यासारखा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली.

"कांबळीची आई," ते म्हणाले, "ती पाटीवाली. तिला मी कधी विचारलं नाही कुठून आणते. मला माहीत होतं ना. नाल्याच्या तोंडाशीच बसायच्या त्या, तिथे मऊ चिखल, पटापट निघतात."

मी म्हटलं, हं.

"तू अजून दोन वाढ," ते म्हणाले. मी एकच वाढली.